चालू मशीनची पिन

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं आहे. दुकानात बल्ब चेक करून देताना गिऱ्हाईक बघतं आणि विचारतं, "शेट, हे काय झालं?" मी सांगतो, शटरमध्ये सापडलं. साफ खोटं सांगतो. ते बोट बबन साउंडवाल्यानं मोडलं, भर दुपारी, त्याच्याच शेडमध्ये. आणि मोडून झाल्यावर त्यानंच मला मोटरसायकलवर घालून हाड बसवणाऱ्याकडे नेलं. मी मागं बसून विव्हळत होतो आणि हा मला सगळ्या वाटेनं शिव्या देत होता, की तू बोट मधे घातलंस कशाला.

बबन जाऊन आता काही वर्षं झाली. थंडी पडली की बोट ठणकतं, आणि बोट ठणकलं की मला त्याची आठवण येते. दुसरी काही सोयच त्यानं ठेवली नाही.

आमचं इलेक्ट्रिकचं दुकान नारायणगावच्या बाजारपेठेत. आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी दुकान टाकलं, आणि आम्ही आता घरातसुद्धा मराठीतच भांडतो. बबनची शेड पलीकडे वारूळवाडीत. पत्र्याची, दाराशी उलटे ठेवलेले भोंगे, आत अँप्लिफायर, माइक, वायरींची भेंडोळी. लग्न असो, दहावा असो, पुढाऱ्याची सभा असो की यात्रा, जुन्नर-आंबेगावात भोंगा वाजला की तो निम्म्या वेळा बबनचा असायचा. माणूस बुटका, मानेत आखडलेला. पंजे मात्र त्याच्या अंगाला न शोभणारे, पाटासारखे रुंद. त्या पंज्यांनी तो बारीकातली बारीक तार सोल्डर करायचा आणि त्याच पंज्यांनी मारायचा.

मारायचा म्हणजे कुणालाही. मशीन खरखरलं की पहिली थाप मशीनला. त्याच्या अँप्लिफायरच्या झाकणाला एका बाजूला चांगला खळगा पडला होता. मी म्हणायचो, "बबनराव, उघडून बघा की. आत काहीतरी सुटलं असेल." तो म्हणायचा, "शेट, मारल्याबिगर मशीन ऐकत न्हाई. आन माणूसबी." आणि मशीन खरंच ऐकायचं, हीच तर पंचाईत होती. एकदा जरी बिघडून बसलं असतं तरी त्याला काही अद्दल घडली असती.

निमगाव सावाकडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामानं घेतलेली होती. अक्षता पडायच्या आणि मामा माइक धरून बसला, गाणं म्हणायचं म्हणून. बबन दोनदा अदबीनं म्हणाला, "पावणं, माइक द्या." तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही. मामाच्या हातातला माइक हिसकला आणि त्याच माइकनं त्याच्या तोंडावर हाणलं. माइक चालू होता. दात पडल्याचा आवाज चार भोंग्यांतून गावभर गेला. वऱ्हाडानं मग बबनला धरून मंडपाच्या बांबूनं फोडला, डोक्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून हा भोंगे उतरवायला परत तिथंच, आणि ज्याचे दात पाडले त्या मामाबरोबर ओट्यावर बसून चहा पितोय. मला येऊन काय सांगितलं, तर म्हणे, "माइकला काय झालं न्हाई, शेट. येकदम ओके हाय."

हे किस्से लोक हसून सांगतात. मीही पुष्कळ सांगितलेत. पण त्याची बायको दोनदा माहेरी जाऊन बसली आणि तिसऱ्यांदा गेली ती परत आलीच नाही, तो किस्सा कुणी सांगत नाही. मी एकदा त्याला विचारायला गेलो. त्यानं हातातला पाना भिंतीवर भिरकावला. पाना माझ्या कानाशेजारून गेला आणि मी तो विषय कायमचा सोडून दिला.

त्याला एकच सख्खा भाऊ, नामदेव. दहा वर्षांनी धाकटा, अबोल, दिसायला देखणा. बाप लवकर गेला म्हणून बबननंच त्याला वाढवला, आणि वाढवण्याची त्याची रीत काय असणार ते सांगायला नको. पण धंद्यात दोघांची जोडी अशी होती की बघत राहावं. भोंगे बांधून झाले की बबन मशीनपाशी बसायचा आणि नामदेव लांबच्या एकेका भोंग्याखाली जाऊन उभा राहायचा. बाकीचे साउंडवाले माइकमध्ये "हॅलो हॅलो, एक दोन तीन" करत बसतात. बबन तेवढंच विचारायचा, "नाम्या, येतंय का?" आणि लांबून नामदेव हात वर करून ओरडायचा, "येतंय, दादा." चार भोंगे, चार वेळा. गावातल्या म्हाताऱ्यांना ते पाठ होतं. चौथं "येतंय" ऐकू आलं की ती काठ्या घेऊन घरातून निघायची.

त्या दोघांचा धंद्याचा नियम एकच होता. चालू मशीनची पिन उपसायची नाही. उपसली की फाडकन आवाज होतो आणि त्या दणक्यानं भोंग्याचं युनिट जळतं. आधी मशीन बंद, मग पिन. बबननं हा नियम नामदेवच्या पाठीवर पुष्कळदा लिहिला होता.

नव्वदीतली गोष्ट. आमच्याकडची यात्रा, कुस्त्यांचा आखाडा, शेवटची निकाली कुस्ती. हलगी कडाडतेय, माणूस माणसावर चढलंय, आणि एकाएकी भोंगे शिट्टी मारायला लागले. कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. लोक कान दाबून ओरडायला लागले. बबन मंडपाच्या खांबावर चढून वायर बघत होता. मशीनपाशी नामदेव. तो गांगरला आणि त्यानं चालू मशीनची पिन उपसली.

फाडकन आवाज झाला आणि चारही भोंगे मेले. आखाड्यात हुर्यो झाली. बबन खांबावरून उतरला, चालत आला, आणि त्यानं नामदेवच्या डाव्या कानाखाली अशी काही ठेवून दिली की तो पंचवीस वर्षांचा गडी पेटीवर जाऊन आदळला. लोक हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला ते सगळ्यांसारखंच गमतीचं वाटलं.

नामदेव उठला तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं, मानेवरून शर्टात उतरत होतं. खाली पडलेली माइकची वायर त्यानं उचलली आणि गुंडाळायला लागला. अंगठा आणि कोपर, अंगठा आणि कोपर, वेढ्याला वेढा लावून, रोज गुंडाळायचा तशीच. सगळी गुंडाळून झाली तेव्हा टोकाला गाठ मारली, भेंडोळं दादाच्या पायाशी ठेवलं आणि गर्दीतून निघून गेला.

मी त्याला स्कूटरवर मंचरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडदा फाटलाय, आतलंही बरंच गेलंय, या कानानं आता ऐकू येणार नाही. येताना मी काहीतरी समजूत घालत होतो. मागून तो म्हणाला, "शेट, ह्या अंगानं बोला," आणि त्यानं माझं तोंड हातानं उजवीकडं वळवलं. माझं हसू मला तिथं आठवलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, आणि अजून वाटते.

नामदेव मुंबईला गेला आणि तिथून मस्कतला, एका बांधकामाच्या कंपनीत, स्टोअरवर. भावाशी एक शब्द नाही. दिवाळीला माझ्या दुकानात फोन करायचा. आई कशी आहे, पाऊस कसा झाला, अमक्याचं लग्न झालं का. सगळ्या गावाची चौकशी, दादाची सोडून. आणि गंमत बघा, पाडव्याच्या सकाळी बबन न चुकता माझ्या दुकानात फ्यूज घ्यायला यायचा. फोन वाजेपर्यंत फ्यूज बघत राहायचा, फोन झाला की न घेता जायचा. कुणाचा फोन होता, असं त्यानं कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. मला माझी दुसरी नऊ बोटं प्रिय होती.

बोट मोडलं ते त्या भेंडोळ्यावरून. नामदेवनं गुंडाळलेली ती वायर बबननं शेडमध्ये खिळ्याला अडकवली होती. मला एकदा घाईत माइकची वायर हवी होती. हा कुठं बाहेर गेला होता. मी शेडमध्ये शिरलो, भेंडोळं खाली काढलं आणि गाठ सोडायला बोट आत घातलं. तेवढ्यात तो दारात आला. लोखंडी स्टँडचा पाइप होता हातात. पहिला फटका वायरीवरच्या माझ्या हातावर. दुसरा बसला असता तर हे लिहायला मी नसतो. मी खाली बसलो आणि त्यानं ते भेंडोळं उचलून आधी बघितलं, गाठ सुटली नाही ना. मग माझ्याकडं बघितलं.

आणि आणखी एक. नामदेव गेल्यापासून बबन माइकमध्ये बोलला नाही. बारा वर्षं. माइक तपासायचा तो नखानं, टक टक टक. चारही भोंग्यांखाली स्वतः चालत जाऊन ऐकून यायचा.

मधल्या काळात मी दुकानाबरोबर केबलचा धंदा धरला, काँप्युटर आला, मग इंटरनेट आलं. अवसरीच्या बाजूला राहणाऱ्या एका मास्तरांनी मला शिकवलं, की कॅमेरा काँप्युटरला जोडला तर कुस्ती चालू असतानाच ती जगात कुठंही दिसते. आमच्या भागातले कितीतरी लोक मुंबईत, आखातात. मी जाहीर करून टाकलं, यंदाची यात्रा नेटवर. तर चार दिवसांनी मस्कतहून फोन. दिवाळी नसताना.

"शेट, कुस्त्या दावनार म्हनं तुमी."

"दाखवणार. बघ की."

"हापिसातल्या काँप्युटरवर बघंन. सायेब बसलेला असतो, कानाला लावून ऐकावं लागंल." मग जरा थांबून म्हणाला, "आवाज कुनाचा हाय?"

"तुझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा असणार."

फोन ठेवल्याचा आवाज आला. या खेपेला मात्र मी धीर करून वारूळवाडीला गेलो आणि बबनला सांगून टाकलं. तो भोंग्याला रंग मारत होता. मारत राहिला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "त्याला ऐकू जाईल का?"

"जाईल की."

"लई लांब हाय, शेट."

यात्रेचा दिवस. आखाड्याला लागून शाळा आहे. तिथं टेलिफोनची लाइन होती म्हणून एका वर्गात आम्ही टेबल मांडलं. एका बाजूला माझा काँप्युटर, दुसऱ्या बाजूला बबनचं मशीन. मशीनमधून एक वायर भोंग्यांना, त्याच जोडातून दुसरी वायर माझ्या काँप्युटरला. ती वायर बबननं स्वतः बनवली होती, नव्या पिना लावून. आदल्या दिवशी आम्ही ती तपासली होती. माझ्या काँप्युटरला दोन स्पीकर, त्यातला उजवा दोन वर्षं मेलेला. डाव्यातून आवाज खणखणीत आला आणि आम्ही खूश. इलेक्ट्रिकचं दुकान चालवणाऱ्यानं आपलाच स्पीकर दोन वर्षं दुरुस्त केला नाही, याला काय म्हणावं.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. चित्राशेजारी बघणारे लोक लिहीत होते ते मला दिसत होतं. मुंबईवाले, दुबईवाले, "आवाज एक नंबर", "हलगी लई भारी". बबनला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "काय म्हनत्यात?" मी वाचून दाखवायचो. तो नुसता हुंकार भरायचा आणि पुन्हा विचारायचा.

शेवटची कुस्ती पुकारली आणि नामदेवचं नाव दिसलं. पुढं दोनच शब्द. "आवाज न्हाई."

मी वाचलं. बबन उठून उभा राहिला. मी म्हटलं, "थांबा, त्याच्याकडंच काहीतरी असेल. बाकी सगळ्यांना येतोय." पुन्हा तेच आलं. "चित्र येतंय. आवाज न्हाई."

"कानाला लावून बघतोय न्हवं त्यो?" बबन म्हणाला. "शेट, तुमीबी लावा."

मी पिशवीतून हेडफोन काढून लावला. डाव्या कानात हलगी, निवेदक, गर्दी, सगळं. उजव्या कानात काहीच नाही. हेडफोन उलटा घातला, तर आवाज उजव्यात आला आणि डावा गप्प. म्हणजे हेडफोन चांगला. काँप्युटरमधली डाव्या-उजव्याची पट्टी बघितली, बरोबर मधोमध. मग मी मागची वायर बघितली. तिच्या पिनेवर एकच काळी रेघ होती. काँप्युटरला दोन रेघांची लागते, म्हणजे डावं वेगळं आणि उजवं वेगळं. एका रेघेच्या पिनेतून उजव्या बाजूला काही जातच नाही. भोंग्याच्या धंद्यात डावं-उजवं नसतं. बबनच्या पेटीत सगळ्या पिना एकाच रेघेच्या.

"सगळा आवाज डाव्या कानातच जातोय," मी म्हणालो.

बबनचा हात त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाकडं गेला. मी घाईघाईनं म्हणालो, "बबनराव, सोपं आहे. त्याला लिहितो, हेडफोन उलटा घाल. लगेच ऐकू येईल."

"नगं."

"अहो, एका सेकंदाचं काम आहे."

"त्यानं का उलटा घालायचा? चूक माझी हाय."

माझ्या पिशवीत दोन रेघांची एक पिन होती. त्यानं ती घेतली, सोल्डर तापायला लावला. आणि मग हात मशीनकडं नेला. मला वाटलं, आता हा नेहमीसारखी थाप मारतो. त्यानं बटण दाबलं. निकाली कुस्ती चालू असताना त्यानं मशीन बंद केलं, कारण जोड उघडायचा होता, आणि चालू मशीनची पिन उपसायची नसते.

चार भोंगे गप्प झाले. क्षणभर नुसती हलगी ऐकू आली आणि मग लोकांनी जो कालवा केला तो विचारू नका. शाळेच्या पत्र्यावर ढेकळं, मग दगड. खिडकीची काच फुटून माझ्या पायाशी आली. दार उघडून कमिटीचा सुदाम आत घुसला. जुना पैलवान, मागं चार-पाच जण.

"बबन्या, आवाज कुनी बंद केला?"

"मी केला."

सुदामनं विचारलं नाही, का. हात उगारला आणि दिली ठेवून. बबनचं तोंड फुटलं. ओठातून रक्ताची धार हनुवटीवर आली. त्याच्या उजव्या हातात तापलेला सोल्डर होता आणि सुदामचा डोळा त्याच्यापासून वीतभर. मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. कमिटीची माणसं दोन पावलं मागं सरली, कारण बबनला सगळे ओळखत होते.

बबन म्हणाला, "सुदाम, आत्ता हात हालवू नगं. नंतर मार."

आणि पुन्हा वाकला. पिनेच्या डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना एकच तार जोडली, वरून पत्र्याची टोपी चढवली. रक्त टेबलावर पडत होतं, ते त्यानं मनगटानं बाजूला सारलं, पिनेवर पडू नये म्हणून. सुदाम नुसता बघत राहिला. बाहेर दगड पडतच होते.

पिन बसवली. मशीन चालू केलं. बाहेर भोंगे जिवंत झाले आणि निवेदक तावातावानं पुकारायला लागला. मी हेडफोनमध्ये ऐकलं, दोन्ही कानांत. मान हलवली. टेबलावर जादा माइक होता. बबननं तो उचलला. नखानं टक टक करील म्हणून मी बघत होतो.

"नाम्या," तो म्हणाला, "येतंय का?"

चारही भोंग्यांतून ते आखाड्यावर गेलं. फुटक्या खिडकीतून मला दिसलं, कडेला बसलेली म्हातारी माणसं कुस्ती सोडून शाळेकडं बघायला लागली होती.

उत्तर आलं नाही. बबननं पुन्हा माइक तोंडाशी नेला. मी त्याचा हात धरला. "थांबा. तिकडं पोचायला अर्धा मिनिट लागतो." तेवढा लांब अर्धा मिनिट मी जन्मात काढला नाही. बबन पडद्याकडं बघत होता, अक्षरं वाचता येत नसताना. कुणी दुबईवाल्यानं लिहिलं, कुणी ठाण्याच्यानं लिहिलं, आणि मग नामदेवचं नाव आलं.

"उजव्यात येतंय, दादा."

मी वाचलं. बबन म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं.

"लिव्हा," तो म्हणाला. "वायर खिळ्याला हाय. तशीच हाय."

या वाकड्या बोटानं मी एकेक अक्षर दाबून ते लिहिलं आणि पाठवलं. पलीकडून काय येतंय ते बघायला तो थांबला नाही. माइक बंद करून टेबलावर ठेवला आणि सुदामकडं वळला.

"झालं माझं," तो म्हणाला. "आता मार."

सुदामनं स्वतःच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माणसं घेऊन बाहेर निघून गेला. आखाड्यात कुस्ती निकाली निघाली, हलगीवाल्यानं हलगी फोडायची बाकी ठेवली. बबन मात्र ते रुंद पंजे खाली सोडून, दाराकडं तोंड करून, तिथंच उभा होता.